ऐतिहासिक कादंबरीत कागद किती आणि कल्पना किती, हे वाचकाने तपासायचं कसं?

रुमाल_दप्तर

'मोचनगड' १८७१ साली आली, तेव्हापासून मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा ओघ आटलेला नाही. हरिभाऊ आपटे, ना. सं. इनामदार, रणजित देसाई, शिवाजी सावंत, विश्वास पाटील अशी मोठी रांग आहे. बहुतेकांचा इतिहास यातूनच तयार होतो. कादंबरीतले संवाद 'महाराज असं म्हणाले' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतात आणि मग भांडण लागतं ते भक्ती विरुद्ध द्वेष याच एका दोरीवर.

ते भांडण इथे नको. लेखकाने हाती आलेला कागद कसा वापरला, तो संपला तिथून पुढे काय केलं आणि हे वाचकाला कसं ओळखता येईल, एवढंच बघू.

सुरुवात साधनांच्या उतरंडीपासून. सगळ्यांत वर त्या दिवशीचं पत्र, हिशेब, महजर (साक्षीदारांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद). त्याखाली शकावली, म्हणजे घरातल्या कारकुनाने वर्षानुवर्षं टिपलेल्या एकेका ओळीच्या नोंदी. त्याखाली बखर. बखरीतही कोणती आणि किती वर्षांनी, हे बघायचं. सभासदाची बखर जिंजीला राजारामांच्या वेळी, १६९७ च्या सुमारास लिहिली; शिवाजी महाराज जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती आणि लेखक त्यांच्या दरबारातला होता. मल्हार रामराव चिटणिसांची बखर १८१० च्या आसपासची, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरची. दोन्हींना 'बखरीत म्हटलंय' असं एकाच दमात म्हणणारा लेखक दिसला की पुढचं प्रकरण पेन्सिल हातात घेऊनच वाचावं.

जन्मतारखेचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तरकालीन बखरींत वैशाख शुद्ध २ शके १५४९. टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य ३ शके १५५१, शुक्रवार. जवळजवळ तीन वर्षांचा फरक. यातली कोणती तारीख टिकते आणि का, हे गणिताने सांगता येतं. मृगनक्षत्र, हे तुमचं खातं. या.

मृगनक्षत्र

आलो. तारीख हाच सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत निर्दय तपास आहे, म्हणून जरा पसरून लिहितो.

शक: चैत्र ते साधारण डिसेंबरअखेर असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर असेल तर ७९. लेखक सरसकट ७८ मिळवतात आणि माघ-फाल्गुनातली घटना वर्षभर मागे जाते. संभाजी महाराजांची हत्या फाल्गुन वद्य ३० शके १६१० ची. ७८ मिळवले तर १६८८ येतं, बरोबर साल १६८९. दुसऱ्याच दिवशी पाडवा, म्हणजे शके १६११ सुरू. एका दिवसाने शक बदलतो, इसवी सन तोच राहतो.

संवत्सर: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल त्या क्रमांकाचं नाव. १५९६ + १२ = १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावं आनंद. राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच आहे. १५५१ ला बाकी ३, शुक्ल. जेधे शकावलीतही शुक्लच. पत्रात शक आणि संवत्सर जुळत नसतील तर कुठेतरी नक्कल चुकलीय किंवा कागदच बनावट आहे.

शुहूर सन: पेशवाईच्या पत्रांत हा सगळीकडे आहे आणि अरबी आकडेशब्दांत आहे, त्यामुळे लेखक त्याच्या वाटेला जात नाहीत. खरं तर सोपं आहे. एकं: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा म्हणजे अशर. मग अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. लहान आकडा आधी येतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. जून ते डिसेंबर ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. म्हणजे हे १७६०-६१, पानिपताचं वर्ष. फसली सनाला (महसुलाच्या वर्षाला) त्याच पद्धतीने ५९० किंवा ५९१.

घोळ होतो तो सीत-सितैन, सबा-सबैन, अर्बा-अर्बैन या जोड्यांत. मोडीत शेवटचा फराटा पुसट असला की साठाचे सहा होतात.

एक फुकटचा सापळा सांगतो. शुहूर ११०० हे १६९९ च्या मृगाला लागलं. त्याआधीच्या शंभर वर्षांतल्या कागदात 'मया' येऊच शकत नाही. शिवकालीन म्हणून छापलेल्या पत्रात 'मया व अलफ' दिसलं तर पुढे वाचायचीही गरज नाही.

बोरू

मृगनक्षत्र, चंद्राचं राहिलं. पत्रात 'छ ६ जमादिलाखर' असं येतं, त्यातला छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. तो महिना चंद्रदर्शनापासून, बहुधा शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी सुरू होतो. त्यामुळे चंद्र हा तिथीपेक्षा एक-दोनने कमी. पानिपताची तिथी पौष शुद्ध ८, चंद्र सहा किंवा सात. वद्य पक्ष असेल तर आधी तिथीत १५ मिळवायचे: वद्य ३ म्हणजे अठरावी, चंद्र सोळा-सतरा. हा मेळ बसला नाही तर थांबायचं.

उत्तरेकडच्या पत्रांत आणखी एक खड्डा. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे सारखं, वद्य पक्षाचं एका महिन्याने पुढे. महाशिवरात्र आपली माघ वद्य १४, तिकडे फाल्गुन कृष्ण १४. दिल्ली-जयपूरकडच्या कागदातला वद्य पक्ष तसाच उचलला तर घटना एक महिना उशिरा घडते. कादंबरीत मग जखमी माणूस मधल्या महिन्यात घोड्यावर बसलेला दिसतो.

जुवें_बेट

गोव्याकडून भर. पोर्तुगालने नवी, म्हणजे ग्रेगोरियन गणना १५८२ लाच घेतली. इंग्रजांनी ती सप्टेंबर १७५२ मध्ये घेतली. २ तारखेनंतर थेट १४ तारीख. तोवर गोव्याचा कागद आणि मुंबईच्या वखारीचा कागद एकाच दिवसाला वेगवेगळ्या तारखा देतात: सतराव्या शतकात दहा दिवसांचा फरक, १७०० नंतर अकरा. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी ते २४ मार्चच्या पत्रांवर १६७३/७४ असं जोडसाल असतं. नवखा लेखक त्यातलं पहिलं साल उचलतो.

संभाजी महाराजांच्या फौजेने गोव्याजवळचं जुवें बेट म्हणजे सांतु इस्तेव घेतलं, ते पोर्तुगीज कागदांत २४ नोव्हेंबर १६८३ चं. जुन्या, म्हणजे इंग्रजांच्या ज्युलियन गणनेने तो १४ नोव्हेंबर. पिसुर्लेकरांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' आणि इंग्रजी वखारीची पत्रं शेजारी ठेवून लिहिणाऱ्याने हे पाहिलं नाही, तर एकच हल्ला दोनदा होतो.

मृगनक्षत्र

याला जोडून महत्त्वाचं. मराठी इतिहासग्रंथांत १७५२ पूर्वीच्या तारखा बहुधा जुन्या गणनेच्या असतात आणि तसं प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं नसतं. महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० हा जुना, नवा १ मार्च. राज्याभिषेक ६ जून १६७४ जुना, नवा १६ जून. थोरल्या बाजीरावांचा मृत्यू २८ एप्रिल १७४० जुना, नवा ९ मे.

वार तपासायची युक्ती: ग्रेगोरियन दिनदर्शिका दर ४०० वर्षांनी जशीच्या तशी परत येते. मोबाइलचं कॅलेंडर मागे नेण्यापेक्षा पुढे न्या. १ मार्च १६३० साठी १ मार्च २०३० पाहा: शुक्रवार. जेधे शकावलीतला वार जुळला. पानिपताच्या १४ जानेवारी १७६१ साठी २१६१ चा जानेवारी: बुधवार. हाही जुळतो. तिथी, वार आणि संवत्सर तिन्ही एकदम बसणं योगायोगाने क्वचितच घडतं, म्हणून १५५१ चा शक टिकला.

तासगावची_वाट

मग राज्याभिषेकाचा वार शुक्रवार की शनिवार? १६ जून २०७४ ला शनिवार दिसतोय. जेधे शकावलीत शुक्रवार आहे.

मृगनक्षत्र

दोन्ही बरोबर. शकावलीत 'तीन घटिका रात्र उरली तेव्हा' असं आहे. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटं, सूर्योदयाआधीची. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी वार मध्यरात्रीला, मुसलमानी दिवस सूर्यास्ताला. पहाटेच्या घटनेला हिंदू कागद आदला वार देणार, आणि रात्री नऊच्या घटनेला फारसी कागद पुढची तारीख देणार. रात्रीचे छापे, पहाटेचे हल्ले, गड सोडून जाणं अशा प्रसंगांत एका दिवसाचा फरक दिसला की आधी घड्याळ बघा, लेखकाला शिव्या नंतर.

पडद्यामागे

हे सगळं रोचक आहे, पण थोडं थांबतो. कादंबरी म्हणजे पंचांग नाही. नरहर कुरुंदकरांनी 'श्रीमान योगी'ला एवढी मोठी प्रस्तावना लिहिली, ती शिवाजी नावाचा माणूस समजून कसा घ्यायचा यावर. तारखा सगळ्या बरोबर आणि माणूस पुठ्ठ्याचा, अशा कादंबऱ्यांचा ढीग दाखवता येईल. वारावरून साहित्य जोखायला निघालात तर हाती काय लागणार?

रुमाल_दप्तर

माणूस पुठ्ठ्याचा का होतो, तेही बऱ्याचदा कागदावरूनच कळतं. पेशव्यांच्या घरातली पत्रं वाचा. राजकारणाच्या मधोमध कुणाला ताप आला, कोणतं औषध दिलं, कर्ज किती झालं, सावकार कसा दारात बसलाय, हे सगळं येतं. लेखकाने फक्त लढाईच्या पत्रांचं संकलन पाहिलं तर त्याचा नायक दिवसभर तलवारच उपसत राहणार. माणसाचा माणूसपणा दप्तरातल्या कंटाळवाण्या कागदांत असतो.

पण तुमचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. तारीख हा लेखकाच्या प्रतिभेचा नव्हे, तर त्याच्या सवयीचा तपास आहे. शक-सनाची बेरीज ज्याने केली नाही त्याने बखरीचं वयही पाहिलं नसणार, असा अंदाज बांधता येतो. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

तासगावची_वाट

माझा विषय अंतर. तारखेनंतरचा दुसरा तपास.

बुणगे (न लढणारी माणसं), बाजार, तोफा, बायकामाणसं बरोबर असलेल्या लष्कराची मजल चार ते सहा कोसांची. कोस म्हणजे साधारण दोन मैल धरा, म्हणजे १२ ते २० किलोमीटर. सडी, म्हणजे बिनसामानाची फौज याच्या तिप्पट-चौपट जाते, पण रोज नाही, घोडं बसतं.

पानिपताच्या मोहिमेवर लावून बघा. भाऊसाहेब मार्च १७६० च्या मध्याला परतूरहून निघाले, ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली. सुमारे १४० दिवस, वाट सुमारे १२०० किलोमीटर. सरासरी दिवसाला ८-९ किलोमीटर. मुक्काम, नद्यांचे पूर, वाटेतली राजकारणं, पैशासाठी थांबणं सगळं त्यात आलं. आता कादंबरीत 'घोडदौड करीत फौजा दिल्लीला भिडल्या' असं वाक्य आलं तर काय समजायचं ते समजा. पाटलांची 'पानिपत' (१९८८) वाचताना शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' आणि एक नकाशा ठेवावा. शेजवलकरांनी रणभूमी स्वतः फिरून पाहिली होती, म्हणून त्यांच्या पुस्तकात यमुनेचं पात्र, उतार आणि गावांची अंतरं जागच्या जागी आहेत.

बातमीचा वेगही मोजा. १४ जानेवारीच्या पराभवाची खबर नानासाहेबांना भेलशाजवळ (आजचं विदिशा) सुमारे दहा दिवसांनी, तीही सावकारी पत्रातून कळली. पानिपत ते भेलसा सातशेहून अधिक किलोमीटर, म्हणजे रोज सत्तरच्या घरात. हा जासुदांच्या डाकेचा चांगला वेग. पुणं तिथून आणखी तेवढंच लांब. शनिवारवाड्यात चौथ्या दिवशी आकांत माजलेला दाखवला असेल तर तो नाटकाचा आकांत.

आणि 'ऐन संक्रांतीला पानिपत झालं' हे आता बंद करा. संक्रांत हळूहळू पुढे सरकते, साधारण ७० वर्षांत एक दिवस. १८६३ साली ती १२ जानेवारीला होती. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तो त्या तारखेला. त्याआधी शंभर वर्षं, म्हणजे १७६१ ला, ती १० जानेवारीच्या आसपास होऊन गेलेली होती. लढाईच्या दिवशी छावणीत तीळगूळ वाटणारा लेखक आजच्या कॅलेंडरवरून लिहितोय.

बोरू

तिळगुळावरून ताट आठवलं. पेशवाईतल्या उपासाच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी दिसली की पान दुमडून ठेवा. हे पदार्थ महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले ते पेशवाई बुडाल्यानंतर. चहाचंही तेच. मिरची मात्र पोर्तुगीजांबरोबर आली, तंबाखूही मोगलांच्या काळात रुळलेली, त्यामुळे सतराव्या शतकात हुक्का दाखवला तर तक्रार नको.

पैसा आणखी वाईट. 'हजार रुपये दिले' असं कागदात सहसा नुसतं नसतं. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असं नाणं सांगितलेलं असतं, कारण नाण्यागणिक बट्टा, म्हणजे वटवताना होणारी घट, वेगळा. शिवकाळात होन. आकड्यापुढच्या उभ्या रेघा म्हणजे अपूर्णांक: । पाव, ॥ अर्धा, ॥। पाऊण. '५॥ हजार' म्हणजे साडेपाच. पण तीच दुहेरी रेघ शब्दापुढे आली की संक्षेप: रा॥ म्हणजे राजश्री, चि॥ म्हणजे चिरंजीव. हे दोन्ही एका ओळीत आलं की छापील साधनांतही गफलती सापडतात.

आता पत्र. कादंबरीत उद्धृत केलेलं पत्र खरं की रचलेलं, हे अंगावरून ओळखता येतं. वर श्री. मग मायना, आणि मायन्यावरून कोण मोठा कोण धाकटा ते लगेच कळतं: धन्याला 'स्वामीचे सेवेसी विज्ञापना', बरोबरीच्याला 'राजमान्य राजश्री', मुलाला 'चिरंजीव'. मग 'उपरी' किंवा 'विशेष', आणि मजकूर. शेवटी 'बहुत काय लिहिणे', आणि शेवटच्या शब्दाला लागून छोटी मुद्रा. शिवाजी महाराजांची ती 'मर्यादेयं विराजते', पेशवाईत 'लेखनसीमा'. कुणी मागाहून खाली एखादी ओळ घुसडू नये, म्हणून ती मुद्रा. रचलेल्या पत्रात नेमकं हे शेपूट नसतं आणि सुरुवातीलाच 'प्रिय' भावना उसळते.

एका व्यक्तीची अनेक नावं हाही सापळाच. १७५५ च्या पत्रातला 'नाना' म्हणजे नानासाहेब पेशवे, १७८५ च्या पत्रातला 'नाना' म्हणजे फडणीस. 'भाऊ' म्हणजे सदाशिवराव, आणि पुढे परशुरामभाऊ पटवर्धनही. 'दादा' रघुनाथराव. सूची नुसती नावावर लावलेली असेल तर दोन पिढ्या एकमेकांत मिसळतात.

पडद्यामागे

ठीक, मग नाटकाला हीच फूटपट्टी लावून दाखवा. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल'. १६ डिसेंबर १९७२, पुणे, पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या संस्थेचा प्रयोग. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्य कृष्णदेव मुळगुंद. त्यात घाशीरामची मुलगी गौरी आहे, नाना फडणिसांची मागणी आहे, मुलीच्या बदल्यात कोतवाली आहे. कोणत्या दप्तरात आहे हे?

रुमाल_दप्तर

कुठेच नाही. तेंडुलकरांनीच नाटकाला अनैतिहासिक म्हटलं होतं. इथे तपास उलटा करायचा: कागदात असलेलं काय उचललं आणि काय टाकलं.

उचललं ते असं. घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल होता. त्याच्या कैदेत तेलंगी ब्राह्मण कोंडून गुदमरून मेले. लोक खवळले आणि ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस तो दगडांनी ठेचून मारला गेला. या विषयावर मोरोबा कान्होबांचं पुस्तक १८६३ लाच आलेलं होतं. टाकलं काय? कोतवालीचा रोजचा कारभार, हिशेब, दंड, आणि त्या काळी नानांसमोर असलेलं टिपू-निजामाचं राजकारण. ते ठेवलं असतं तर नाटक दरबाराचं झालं असतं. तेंडुलकरांना हवी होती ती सत्तेने गुंड पोसण्याची आणि काम झालं की त्याला जमावाच्या हवाली करण्याची यंत्रणा. म्हणून बारा ब्राह्मणांचा माणसांचाच पडदा. तो हवं तेव्हा झाकतो, हवं तेव्हा उघडतो, आणि प्रत्येक गुन्ह्याच्या वेळी तिथे हजर असतो. हा पडदा दप्तरात नाही, तरी नाटकाचं म्हणणं त्यातच आहे.

तर निकष असा: लेखकाने वाचकाशी काय करार केला? 'हे अनैतिहासिक' म्हणणाऱ्याला कागद विचारायचा नाही. 'अमुक वर्षं दप्तरं चाळून लिहिलं' म्हणणाऱ्याला मात्र प्रत्येक पानावर विचारायचा.

पडद्यामागे

हे पटलं. फक्त एक: नाटकाचा नाना आणि खरा नाना यांची गल्लत प्रेक्षक करतोच, करार काही असो. पानिपतावर गेलेला, जीव वाचवून परतलेला, आईला तिथे गमावलेला अठरा वर्षांचा मुलगा म्हणजे हाच फडणीस, आणि त्याने स्वतःच्या हाताने छोटं आत्मचरित्र लिहून ठेवलंय, हे 'घाशीराम' पाहिलेल्या किती जणांना माहीत असतं?

करारावरून खाडिलकर आठवले. 'कीचकवध' १९०७ चं. विषय महाभारताचा, त्यामुळे इतिहासाचा एकही कागद तपासायला नाही. पण कीचकात कर्झन, युधिष्ठिरात मवाळ, भीमात जहाल आणि सैरंध्रीत देश, हे प्रेक्षकाला न सांगता कळत होतं. सरकारलाही कळलं, १९१० ला बंदी आली. १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा कायदा डोक्यावर असताना वर्तमानाबद्दल बोलायचं तर वेष पुराणाचाच घ्यावा लागत होता. अशा लेखनाची तपासणी तेव्हाच्या वर्तमानपत्रांवरून करायची, बखरीवरून नाही.

तासगावची_वाट

आणि कागद जवळपास नसेल तेव्हा? मस्तानीबद्दल मिळणारा समकालीन मजकूर फारच थोडा. १७४० च्या सुमाराची, तिला अडकवून ठेवण्याबद्दलची घरातली थोडी पत्रं, पाबळची जागा, मुलगा समशेरबहाद्दर आणि पानिपतात त्याला झालेल्या जखमा. 'राऊ' (१९७२) सारखी पूर्ण कादंबरी त्यावर उभी राहते, म्हणजे बहुतेक सगळे संवाद इनामदारांचे. माझ्या मते यात गैर काही नाही. गैर सुरू होतं ते त्या संवादांवरून पुढचा लेखक 'इतिहास' लिहितो तेव्हा. तिसरा त्याच्यावरून चित्रपट काढतो, चौथा चित्रपटावरून पाटी रंगवतो. मस्तानीच्या बाबतीत ही साखळी पार शेवटपर्यंत गेलेली आहे.

'ध चा मा' ही तशीच. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, रामशास्त्र्यांची चौकशी झाली, हे पक्कं. पण 'धरावे'चं 'मारावे' केलेला तो कागद आजवर समोर आलेला नाही. तरी कादंबरीत, नाटकात, शाळेत आनंदीबाईंच्या हातात बोरू आहेच.

मृगनक्षत्र

कुणी स्वतः लिहायला बसणार असेल तर टिपणाची पद्धत सांगून ठेवतो. एका घटनेला एक कार्ड. रकाने पाच: तारीख (मूळ लेखनातली, मग रूपांतर, आणि जुनी गणना की नवी), ठिकाण, माणसं (पूर्ण नावानिशी), कागद, खात्री. खात्रीच्या रकान्यात तीनच अक्षरं: स म्हणजे समकालीन पत्र, ब म्हणजे बखर किंवा नंतरची आठवण, क म्हणजे कल्पना. कार्डं तारखेने लावली की भोकं आपोआप दिसतात: दोन ठिकाणी एकाच दिवशी असलेला माणूस, तीन महिने गायब असलेला सरदार.

'क' कार्डं निम्म्याहून जास्त झाली तरी बिघडत नाही. ती सलग चाळीस-पन्नास आली तर प्रस्तावनेत तसं सांगावं. मराठी लेखक प्रस्तावनेत आभार पानभर मानतात, आणि कोणतं पात्र काल्पनिक आहे हे एका ओळीतही लिहीत नाहीत.

तारखांसाठी मोडकांची जंत्री (तिथी-तारखांचे तक्ते), आणि ७०० ते १७९९ सालांसाठी स्वामिकन्नू पिल्लै यांची इंडियन एफिमेरिस. आंतरजालावरची रूपांतरयंत्रं वापरा, पण ती नवी गणना देतात की जुनी, ते आधी १९ फेब्रुवारी १६३० टाकून बघा. शुक्रवार आला तर जुनी, मंगळवार आला तर नवी.

जुवें_बेट

'कागद' या रकान्यात नेमकं काय लिहायचं? पुस्तकाचं नाव पुरेल?

बोरू

नाही पुरत. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड आहेत, पहिला १८९८ चा. त्यात प्रत्येक पत्राला लेखांक आहे. खंड आणि लेखांक लिहा, पान नको. पान आवृत्तीगणिक बदलतं. प्रस्तावनेतलं राजवाड्यांचं मत उचलत असाल तर 'प्रस्तावना' असं स्पष्ट लिहा. ते मत भन्नाट असतं, पण तो पुरावा नव्हे. वासुदेवशास्त्री खऱ्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' पटवर्धनी दप्तरातला, तिथेही लेखांकच.

पेशवे दप्तराच्या बाबतीत जास्त सांभाळा. सरदेसायांनी निवडून छापलेले ४५ खंड ही निवड आहे, सगळं दप्तर नव्हे. विषयवार निवड असल्यामुळे एकाच महिन्याची पत्रं तीन-चार खंडांत विखुरलेली सापडतात. एकच खंड पाहून 'याबद्दल पत्र नाही' असं म्हणता येत नाही. बाकीचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत बांधलेले, मोडीत. तिथला कागद वापरला असेल तर दप्तराचं नाव आणि रुमाल क्रमांक दोन्ही टिपा. नुसतं 'पेशवे दप्तर' लिहून ठेवलं तर छापील खंड की रुमाल, हे पुढच्या तपासणाऱ्याला कळत नाही.

मोडी वाचून घेतली असेल तर वाचणाऱ्याकडून सलग लिप्यंतर घ्या, सारांश नको. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. कुठे तोडायचं हे वाचणारा ठरवतो. सारांशात ते तोडणं लपतं, लिप्यंतरात दिसतं. शंका आली तर त्याच ओळीचा फोटो दुसऱ्या मोडी जाणकाराला, आधीचं वाचन न दाखवता, पाठवा.

जुवें_बेट

पोर्तुगीज कागदांनाही हेच चालेल, फक्त तारखेपुढे 'नवी' असा शेरा हवा. पत्र गोव्याचं की लिस्बनचं तेही लिहा. व्हाइसरॉयचं पत्र गोव्यातून निघाल्यावर लिस्बनला पोचायला जहाजाने महिने लागत आणि राजाचं उत्तर पुढच्या मोसमात यायचं, त्यामुळे उत्तराच्या तारखेवरून इथल्या घटनेची तारीख काढू नका.